उलटा जिना

माझा मामा साडेसहा फुटांचा, आणि घरातला जिना तो उलटा उतरतो. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हात कठड्यांवर, शिडी उतरावी तसा. लहानपणी आम्ही भाचरं खाली उभी राहून खिदळायचो. 'उलटा मामा' हे नाव मीच ठेवलं. एवढा धिप्पाड माणूस आठ पायऱ्यांना टरकतो, याची मला मनापासून चीड यायची. आता मी मुलांसाठी गोष्टी लिहिते, पण ती चीड काही गेली नव्हती.

मामा तीस वर्षं इस्पितळात प्लास्टर घालतोय. त्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नाही. आधी कापूस, मग पाण्यात बुडवलेली पट्टी. बुडबुडे थांबले की बाहेर काढून हलकेच पिळायची आणि गुंडाळायची. पेशंटनं 'आई गं' म्हणायच्या आत काम फत्ते.

मध्यंतरी माझं राक्षसाचं पुस्तक अडलं. त्यात बोटाएवढी मुलगी फळीवरून पडते आणि तिच्या हाडांचा चुरा होतो. राक्षस मात्र कड्यावरून उडी मारून हसत चालू लागतो. संपादकबाई म्हणाल्या, यातलं काहीच पटत नाही, सोमवारपर्यंत सुधारा, नाहीतर यंदाच्या यादीतून पुस्तक बाद. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली. मोडलेलं हाड नीट रंगवलं की पटेल, असं ठरवून मी कागद घेऊन थेट प्लास्टरच्या खोलीत गेले.

मामानं चष्मा लावून वाचलं आणि चक्क हसला.

"हिला काय धाड भरणार आहे? कपाटावरून मुंगी पडली तर लगेच चालायला लागते. मोडेल तो तुझा राक्षस. उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं, हाडाची ताकद चौपटच. मला विचार ना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी विचारलं. एकोणिसाव्या वर्षी तो तीन पायऱ्यांवरून घसरला होता. फक्त तीन. मांडीचं हाड मोडलं, अकरा महिने अंथरुणात गेले. घाबरत नाही मी, म्हणाला, माझं वजन मला ठाऊक आहे, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही तुला किती हसलो रे, मी म्हटलं.

"हसलात ते बरं झालं. कीव केली असती, तर वरच बसून राहिलो असतो."

रविवारभर बसून मी सगळं पालटलं. राक्षस आता कडा उलटा उतरतो, आणि बोटाएवढी मुलगी त्याच्या टाचेवर उभी राहून जमीन किती राहिली ते ओरडून सांगते. अजून चार बोटं. अजून एक बोट. संपादकबाईंनी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

पुस्तक छापून आलं, तसं मी मामाच्या घरी नेऊन दिलं. वरच्या खोलीत बसून त्यानं ते वाचलं. मग जिन्याच्या तोंडाशी आला आणि पाठ फिरवली. मी सवयीनं खाली जाऊन उभी राहिले होते.

"गप्प का गं?" एक पाय खालच्या पायरीवर अधांतरी धरून तो म्हणाला. "सांग की."

"अजून एक बोट, मामा," मी म्हटलं, आणि त्यानं पाय खाली टाकला.