समोरचा पेला

व्हिएतनाममधल्या एका समुद्रकाठच्या गावात आम्ही चौघं मित्र पाठीवर सॅक टाकून दोनच दिवस थांबलो होतो. दुसऱ्या सकाळी तिघं दोन स्कूटर भाड्याने घेऊन वाळूच्या टेकड्या बघायला निघाले. एका स्कूटरवर मागची जागा रिकामी होती. पण "तू आराम कर रे," म्हणाले, आणि मीही बरं म्हटलं.

मग किनाऱ्यावरच्या कॉफीच्या टपरीवर जाऊन बसलो. टपरीवाली साठीची बाई होती. तिने पहिली कॉफी जमिनीवरच्या छोट्याशा देव्हाऱ्यापुढे ठेवली, दुसरी मला दिली. मग माझ्यासमोर आणखी एक बुटकं स्टूल मांडलं, हाताने पुसलं आणि तिथे गार चहाचा पेला ठेवला. मी एक बोट दाखवून एकटाच असल्याचं सांगितलं. तिने मान डोलावली, पेला मात्र हलवला नाही. मी तो माझ्याकडे ओढला, तर तिने परत जागेवर ठेवला.

शेवटी ती फोनमध्ये काहीतरी बोलली. फोनने कोरड्या आवाजात इंग्रजीत सांगितलं, "समोर रिकामं ठेवून पिऊ नये."

आता मी वाघोलीत एकटा राहतो. आमच्या चौघांच्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाला केकची चित्रं येतात. रविवारी मी दोन कप चहा करतो आणि एक समोर ठेवतो. तो निवला की तोही मीच पितो. आम्हा पुणेकरांना चहा टाकवत नाही.