उजव्या चाकावर दोन बोटं

स्प्रिंगवाल्याने माझं वजन विचारलं आणि मी बहात्तर किलो सांगितलं. खरं वजन शहाण्णव होतं.

मधले चोवीस किलो मी कुठे टाकले म्हणाल, तर कुठेच नाही. ते माझ्यासोबत गाडीत बसले, आणि शेजारी माझी बायको बसली.

गाडी दोनच माणसांची. लाल, बिनटपाची, माझ्याहून थोडीच लहान असलेली जुनी स्पोर्ट्स कार. विंचूरकडच्या एका शेतकऱ्याच्या कांदाचाळीच्या टोकाला ती मला सापडली, तेव्हा तिच्या बॉनेटवर रिकाम्या गोण्यांची चळत होती आणि सीटमध्ये मांजर व्यालेलं होतं. निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करावं म्हणतात. मी हे केलं. इंजिन झालं, रंग झाला, सीटला नवं कातडं झालं. पण मागच्या स्प्रिंगा खचलेल्या. गाडी उभी असली की रवंथ करत बसलेल्या म्हशीसारखी दिसायची. बायको दोन वर्षांत एकदाही तिच्यात बसली नव्हती. "तुमचं खेळणं तुम्ही खेळा," एवढंच म्हणायची.

शेवटी जुन्या चारही स्प्रिंगा गोणीत घालून मी हायवेवरच्या एका मिस्तरीकडे गेलो. सटाण्याकडचा माणूस. ट्रकचे कमानपाटे करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, पण जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगांचीही त्याला जाण आहे असं ऐकलं होतं. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना लहानमोठ्या स्प्रिंगा टांगलेल्या होत्या. दुपारचे बारा वाजले असतील, पण आत अंधार. त्याने माझी एक स्प्रिंग जमिनीवर उभी केली, टेप लावला आणि मान हलवली.

"ह्या मेल्या. ह्यांच्या उंचीवर नवीन घेऊ नका, भाऊ. मेलेल्याचं माप जित्याला लावल्यासारखं होईल."

मी बाकीच्या तिन्ही गोणीत परत सरकवल्या.

पुढच्या दोन त्याने पाच मिनिटांत काढून दिल्या. मागच्यांपाशी मात्र अडला. "हे काम नाजूक शे. ट्रकचा ड्रायव्हर कितीका जाड असेना, ट्रकला पत्ता लागत नाही. ह्या गाडीत दोन्ही माणसं मागच्या चाकांच्या पुढ्यातच बसतात. हिच्यात माणूस म्हणजेच माल. डाव्या अंगाला कोण बसणार?"

"बायको. बसली तर."

"वजन?"

मी बायकोला फोन लावला. ती ओट्यापाशी असावी, कुकरची शिट्टी ऐकू आली. "चौसष्ट," ती म्हणाली. "परवाच दवाखान्यात केलं. का हो?"

"स्प्रिंग घ्यायची आहे. तुझ्या बाजूची."

तिने गॅस बंद केला. "वजन विचारून घेतात? मग चौसष्टच सांगा. कमीजास्त करू नका."

मिस्तरीने चौसष्टवाली स्प्रिंग काढून बाजूला ठेवली. मग माझ्याकडे वळला. "आणि तुमनं कितलं शे?"

बाकावर दोन पिकअपवाले आपल्या गाडीचे पाटे व्हायची वाट बघत बसले होते. आयुष्यभर गोण्या उचललेली माणसं. नुसत्या नजरेने क्विंटल सांगतील. दोघांनीही माझ्याकडे बघितलं, आणि मी पोट आत घेऊन म्हणालो, "बहात्तर."

"उपाशीपोटी का, शेठ?" त्यातला एक म्हणाला. दुसऱ्याने चहाचा ठसका लागेपर्यंत हसून घेतलं.

आता माघार कशी घेणार? मिस्तरी हसला नाही. त्याने दोन स्प्रिंगा माझ्यापुढे धरल्या. एक जाड तारेची, एक बारीक. "ही नव्वदीच्या पुढच्या माणसाची. ही सत्तरीतल्याची. हात लावून बघा. परत एकदा विचारतो. चुकलं तर इथं कळायचं नाही. घाटात कळंल."

जाड स्प्रिंगेकडे मी बघितलंसुद्धा नाही. बारीक स्प्रिंगेकडे बोट केलं.

चारही गोणीत भरून देताना त्याने एक परीक्षा सांगितली. बसवून झाल्या की घरी दोघं गाडीत बसा. उजव्या मागच्या चाकाच्या वर, टायर आणि मडगार्डच्या मधे दोन बोटं जायला पाहिजेत. गेली नाहीत तर परत या, जाडी देतो.

मी परीक्षा घेतली. बायको घरात होती, म्हणून तिच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवलं. मी स्वतः स्टीअरिंगवर बसलो. मग उतरलो, मागे गेलो, वाकलो आणि बोटं घातली. दोन काय, तीन गेली. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! बोटं घालायला मी गाडीतून उतरलो होतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं तर लिहायलाही बसलो नसतो. पण बायकोला ते वजन विचारणं फार आवडलं होतं. "ज्या मिस्तरीने फोन करायला लावून माझं वजन विचारलं तो नीट काम करणार," असं ती बहिणीला फोनवर सांगत होती. पेठच्या शाळेत तिने अकरा वर्षं शिकवलं होतं. तिथल्या तिच्या जुन्या मैत्रिणीचा निवृत्तीचा समारंभ होता. "आपण गाडीने जाऊ," ती म्हणाली. "तुमच्या." दोन वर्षांत पहिल्यांदा. मी काय म्हणणार? आदल्या दिवशी सोसायटीचा वॉचमन गाडीमागे उभा राहून सहज बोलला होता, "साहेब, तुम्ही बसले की गाडी तुमच्याकडं झुकते." मी त्यावर विचार केला आणि वजन कमी व्हावं म्हणून डिकीतली स्टेपनी काढून घरी ठेवली. जे एक चाक आपल्याला वाचवू शकतं तेवढंच मी काढून ठेवलं.

पावसाळा सरत आला होता. पेठ रस्त्याने निघालो तेव्हा ऊन होतं. बायकोने डोक्याला स्कार्फ बांधला होता, मांडीवर मैत्रिणीसाठी घेतलेला निशिगंधाचा मोठा गुच्छ. खूश होती. पहिला गतिरोधक आला आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी दातओठ खाल्ल्यासारखा आवाज झाला. खर्र.

"काय हो ते?"

"नवीन आहेत ना स्प्रिंगा. बसतील हळूहळू."

पुढच्या खड्ड्यात पुन्हा. खर्र. ती आता काही विचारत नव्हती. विश्वास ठेवून बसली होती, आणि तेच मला जड जाऊ लागलं.

सावळ घाटाच्या तोंडाशी चहाला थांबलो. ती टपरीपाशी गेल्यावर मी चाकाशी वाकलो. टायरच्या खांद्यावर बोटभर रुंद चर पडला होता. मडगार्डच्या काठाला काळी भुकटी चिकटलेली. बोटं घालून बघितली, तीन गेली. आणि मग, वाकलेल्या अवस्थेत, घरची परीक्षा मला आठवली. मी बाहेर आहे म्हणून जागा आहे. मी आत बसलो की जागा नाही. गाडी बरोबर होती, मिस्तरी बरोबर होता, बायकोची बाजू तर इतकी बरोबर होती की डावा टायर नवाकोरा दिसत होता. या सगळ्यात चुकीची वस्तू एकच, आणि ती चहाला थांबली होती.

"काय बघताय?" बायको ग्लास घेऊन मागे उभी.

"टायर तापलाय का बघत होतो."

"तापलाय?"

इथे सांगायला हवं होतं. गाडी इथेच ठेवू, एसटीने जाऊ, मी वजन खोटं सांगितलं. तीन वाक्यं. "नाही," मी म्हणालो.

घाटात ढग उतरले होते. चार वळणांनंतर पुढचं काही दिसेना. उजवीकडे दरी, म्हणजे असावी. पांढऱ्या दगडांचा कठडा तेवढा दिसायचा आणि त्याच्या पलीकडे नुसतं पांढरं. गाडी डावीकडे वळली की सगळा भार उजव्या चाकावर यायचा आणि तो आवाज व्हायचा. आधी खर्र, मग लांब खर्रर्र. मी डावी वळणं मोजू लागलो. प्रत्येक डाव्या वळणाला श्वास रोखून पोट आत घेत होतो, जणू पोट आत घेतलं की वजन घटतं. तेवढ्यानं भागेना म्हणून शरीर डावीकडे, बायकोकडे कलतं केलं.

"अहो, सरळ बसा," ती म्हणाली. "हे काय या वयात." पण लाजली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वळणाला तिने नाक वर करून वास घेतला. "रबर जळतंय कुठेतरी."

"पुढच्या ट्रकचं असेल."

"पुढे ट्रक नाहीये."

खरंच नव्हता. पुढे काहीच नव्हतं. आवाज आता वळण नसतानाही येत होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून बघितलं, मग गुच्छ दोन्ही हातांनी धरला. तिच्या हातांकडे बघून माझं तोंड उघडलं. "अगं, मी बहात्तर सांगितलं होतं."

"काय बहात्तर?"

"वजन."

तेवढ्यात डावं वळण आलं आणि टायर फुटला. मोठा आवाज नाही झाला. कुणीतरी जड गोणी टाकावी तसा. गाडीचं मागचं अंग दरीकडे सरकलं. मी ब्रेक दाबला की नाही, आठवत नाही. रस्ता आमच्या समोरून आडवा गेला, कठडा जवळ आला, अजून जवळ आला, आणि पाठीत एक दणका बसून सगळं थांबलं. इंजिन बंद पडलं. निशिगंधाची अर्धी फुलं कठड्याच्या पलीकडे गेली होती. खाली पडल्याचा आवाज काही आला नाही.

बायकोने उरलेला गुच्छ मांडीवर नीट ठेवला. "तुला लागलं का?" मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मी माझं खरं सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग?"



वरून, ढगातून, हॉर्न आला. आम्ही रस्त्यात आडवे. ती उतरून आधी धावली आणि स्कार्फ सोडून हातात हलवत वळणावर उभी राहिली. मी निघेपर्यंत पिकअप तिच्यापासून आठ-दहा हातांवर थांबलेलीही होती. टोमॅटो नाशिकला टाकून, रिकामे क्रेट घेऊन पेठला परत चाललेला तरुण शेतकरी, केबिनमध्ये त्याची आई. त्याने उतरून कठड्याच्या पलीकडे एकदा डोकावलं, मग कानाला हात लावला. आम्ही दोघांनी मिळून गाडी कडेला ढकलली, चाकांना दगड लावले.

"स्टेपनी काढा की, काका."

"घरी आहे."

"घरी कशापाई?"

"वजन कमी व्हावं म्हणून," बायको म्हणाली, आणि बाकी सगळंही तिनेच सांगितलं. स्प्रिंगवाला, फोन, चौसष्ट, बहात्तर. फार नीट सांगितलं. अकरा वर्षं शिकवलं होतं ना. तो फुटलेला टायर बघत, मधेच माझ्याकडे बघत ऐकत होता. केबिनमधून त्याची आईही बघत होती.

मग त्याने बायकोला आईशेजारी बसवलं, मागचा फाळका खाली पाडला, क्रेट दोन्ही कडांना सरकवून जागा केली आणि मला म्हणाला, "बहात्तरात तर तुमचं पोटबी मावायचं नाय, काका. चढा मागं, आन् मधोमध बसा. उजव्या अंगाला सरकलात तर माझंबी घासंल."