मिसरच्या आया आणि नंदाचं माहेर

खटकचिंचोळीहून हैदराबादला मी एकटी निघाले, ते आमच्या नंदाला पहिल्या बाळंतपणासाठी आणायला. नंदा माझ्या थोरल्या बहिणीची, काशीअक्काची मुलगी. अक्का आजारी पडली तेव्हा तिने चार महिन्यांची नंदा माझ्या ओटीत घातली. मला मूल नव्हतं, आणि अक्का बरी झाल्यावरही नंदा माझ्याकडेच राहिली. म्हणते मात्र मला मावशी. आता निंबर्ग्याहून अक्काचा निरोप आला होता, ‘पहिलं बाळंतपण आईकडं असतंय. पोरीला इकडं आणून सोड.’ मी हो म्हणाले. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. पण निघण्याआधी आतली खोली सारवली आणि बाजेची सुतळी आवळून ठेवली.

हुमनाबाद गेलं, तुरीची शेतं मागे पडली. जहिराबादला पाट्यांवरची अक्षरं कानडीची तेलुगू झाली. तिथे बघते तर शेंगदाण्याची चटणी फडक्यातून सुटून नंदाच्या चोळखणाला तेल लागलेलं. शेजारची बाई हसली. म्हणाली, “लेकीकडं जायलाव जणू? आईच्या पिशवीला तेल लागतंयच.” मी आई नाही, हे तिला सांगितलं नाही.

नंदाचा चेहरा सुकला होता, पोट मात्र चांगलं वर आलं होतं. सुट्टीच्या दिवशी जावयांनी आम्हाला जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात नेलं. तिथे काचेखाली मिसरदेशाची (इजिप्तची) एक मुलगी निजली आहे, कापडात गुंडाळलेली, हजारो वर्षांपूर्वीची. मी आधी डोक्यावर पदर घेतला.

शाळेच्या मुली घेऊन आलेल्या एक बाई दख्खनी बोलीत माहिती सांगत होत्या. आमच्या भालकीच्या बाजारात ती कानावर पडते, म्हणून मला कळते. त्या देशातल्या बाया विटांवर उकिडव्या बसून बाळंत होत. लेकरू जन्मलं की सात देवी येऊन त्याचं नशीब सांगत.

“आपली सटवाई पाचवीला येती, तसंच की गं,” मी नंदाच्या कानात म्हणाले.

“तिकडं सात लागायल्या. इकडं एकटीच सगळं गाव सांभाळायलीय,” नंदा म्हणाली.

मग बाई म्हणाल्या, आई तीन वर्षं लेकराला अंगावर पाजायची, म्हणून आईचे उपकार विसरू नका असं तिथले लोक मुलांना शिकवत. मी खाली बघितलं. मी नंदाला शेळीच्या दुधावर वाढवलं, कापसाच्या बोळ्याने पाजून.

कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, जिसको बच्चा नै होता था, वो औरत क्या करती थी?”

साऱ्या मुली वळून बघू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई हसल्या नाहीत.

“दुसरे का बच्चा पालती थी, अम्मा. फिर वो बच्चा उसीच का. बुढापे में हाथ पो पानी वहीच डालता था.” (म्हातारपणी हातावर पाणी तेच लेकरू घालायचं, म्हणजे तिला सांभाळायचं.)

बाहेर हॉटेलात नंदाने चहा बशीत ओतून, फुंकर घालून माझ्यापुढे सरकवला.

दोन दिवसांनी जावयांनी आम्हाला गाडीत बसवून दिलं. हुमनाबादला गाडी बदलायची होती. निंबर्ग्याकडे जाणारी आळंदची गाडी उभीच होती. मी पिशव्या घेऊन तिकडे वळले.

“मावशी, तिकडं कामून जायलीस?”

“निंबर्ग्याला. अक्का वाट बघायली.”

“मला कुणी इचारलंय का?”

“पहिलं बाळंतपण आईकडंच करतात, नंदा.”

“मग आईकडंच निघालेय की मी. ती बघ आपली भालकीची गाडी. पळ, जागा धर. हे पोट घेऊन उभं राहवंना मला.”

मी पळाले. खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली. असं मी जन्मात कधी केलं नव्हतं.

त्याच बाजेवर नंदाला मुलगी झाली. पाचवीला अक्का आली, तोंड फुगवून. “मला पाहुणी केलीस की गं,” म्हणाली. पण लगेच पदर खोचून पाटावर बसली, न्हाऊ घालायला बाळाला पायांवर घेतलं. “सर तिकडं. एवढंसं लेकरू तुला धरता यायचं न्हाई,” म्हणाली. खरंच येत नव्हतं. तिने मला शिकवलं.

हैदराबादचे रस्ते मला आता आठवत नाहीत. त्या बाईंना मनातल्या मनात नमस्कार करते. त्याहून मोठा नमस्कार अक्काला. तिने नंदा दिली नसती, तर मला आणायला जायला कुणीच नसतं.