सरदाराला हात लावू नका

जॉबरला मी बसलेलं दोनदाच पाहिलं. त्यातल्या पहिल्या वेळी तो मध्येच उठून गेला.

भिवंडीच्या कामतघरमधल्या एका कारखान्यात चोवीस माग होते आणि बिघडलेला माग चालू करून देणं हे त्याचं काम होतं. यंत्रमागाच्या धंद्यात या माणसाला जॉबर म्हणतात. त्याला नाव होतं, पण हजेरीच्या वहीबाहेर ते कुणी वापरलं नाही. त्याची बायकोसुद्धा ‘आमचे जॉबर’ असंच म्हणायची. माग बंद पडला की विणकराने हाक मारायची आणि मग जॉबरने यायचं, अशी सगळीकडे रीत. आमचा जॉबर हाकेच्या आधी पोचायचा. चोवीस मागांच्या खडखडाटात एक आवाज कमी झाला की त्याची मान वळायची आणि मानेपाठोपाठ तो स्वतः. जेवण उभ्यानेच चाले, डाव्या हातात डबा, उजव्या हातात भाकरी. भाकरी अर्धी राहायची, कारण तेवढ्यात कुठेतरी धागा तुटलेला असायचा. कारखान्यात कुणी भेटायला आलं तर निघताना त्याला रस्त्यापर्यंत सोडायला जायचा आणि रिक्षा मिळेपर्यंत उभा राहायचा. “जागेवर बसून निरोप देतो तो काय माणूस हाय?” असं त्याचं म्हणणं.

ही नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. मी ठाण्याच्या एका दैनिकाचा भिवंडीचा वार्ताहर होतो आणि कारखान्यासमोरच्या चाळीत राहत होतो.

शुक्रवारी आमच्या भागात वीज बंद असे. सहा दिवस ज्या आवाजात माणसं ओरडून बोलत, तो सातव्या दिवशी नाहीसा व्हायचा. विणकर झोप काढत, नमाजाला जात, बाजार करत. जॉबरला सुट्टी सोसत नसे. तो आपल्या गावाहून, खारबाववरून, सायकल मारत यायचा आणि बंद मागांना तेल देत फिरायचा. “आवाज न्हाय तर कानात मुंग्या येतात,” म्हणायचा.

त्या सुमारास मालकाचा भाचा विलायतेत शिकून आला होता आणि मामाचा कारखाना सांभाळू लागला होता. त्याला सगळे भाचेशेठ म्हणत. त्याने येताना एक खोका आणला होता. त्यात बोटभर उंचीच्या शिपायांच्या दोन फौजा, फासे, इंचाची पट्टी आणि एक जाड इंग्रजी नियमपुस्तक. एक फौज जिवंत माणसांची. दुसरी मेलेल्यांची: कवट्या, फासळ्या, मोडक्या ढाली, आणि मेलेल्यांना मातीतून उठवणारा लांब झग्यातला सरदार. आळीपाळीने चाल करायची, अंतर पट्टीने मोजायचं, चकमकीचा निकाल फाशांवर. आठ फेऱ्या झाल्यावर मधली टेकडी ज्याच्या ताब्यात, डाव त्याचा. कापड तपासायचं लांब टेबल हे रणांगण झालं आणि सुताच्या गुंत्याचा ढीग ही टेकडी.

भाचेशेठला जोडीदार हवा होता. इंग्रजी वाचता येतं म्हणून त्याने मला धरलं. मी मेलेल्यांची फौज घेऊन दोन शुक्रवार हरलो आणि कंटाळलो. तेलाची बुधली घेऊन जॉबर मागे उभा होता.

“ही सगळी मेलेली हायत?” त्याने विचारलं.

“सगळी,” भाचेशेठ म्हणाला.

“म्हंजे जेवण न्हाय, सुट्टी न्हाय, गावाला जायचं न्हाय?”

“घाबरत पण नाहीत, जॉबरभाऊ. जिवंत शिपाई घाबरून पळतात. हे पळत नाहीत.”

जॉबरने बुधली खाली ठेवली. “पेपरवाले, सरका जरा. अशी मानसं मला चोवीस मागांवर मिळाली न्हाईत, इथं तरी मिळू द्या.”

तेव्हापासून दर शुक्रवारी तो खेळायचा, टेबलाभोवती फेऱ्या मारत. आणि दर शुक्रवारी हरायचा. भाचेशेठ हिंदीत चिडवायचा, “जॉबरभाऊ, आपके मुर्दे भी थक गए.” डाव संपला की जॉबर मोडलेले शिपाई गोळा करायचा. फौज जुनी होती, हातपाय निखळायचे. मागाच्या फणीची बारीक तार कापून, वाकवून तो त्यांना नवे हात बसवायचा. वर्षभरात निम्म्या फौजेची हाडं आमच्या कारखान्यातल्या तारेची झाली. भाचेशेठचा एकही शिपाई त्याने दुरुस्त केला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात भाचेशेठचं विलायतेत लग्न ठरलं. तो कायमचा परत जाणार होता, खोक्यासकट. जॉबरने बातमी ऐकली आणि एकाच मागाला दोनदा तेल घातलं. मग टेबलाशी आला.

“भाचेशेठ, हाडकं न्यायलाच पायजेत काय?”

“खेळ अर्धा ठेवून काय करू? दोन्ही फौजा लागतात.”

“मी जितलो तर?”

भाचेशेठ हसला, पण त्याने विचार केला. “तीन शुक्रवार आहेत. एकदा जिंकलात तर मेलेल्यांची फौज तुमची. माणसं मी नेईन.”

“शब्द?”

“शब्द.”

त्याच दुपारी जॉबर माझ्या खोलीवर आला. त्याच्याकडे एक कोरी वही होती आणि भाचेशेठकडून मागून आणलेलं नियमपुस्तक. मेलेल्यांच्या फौजेचं प्रकरण त्याला मराठीत हवं होतं, शब्दाला शब्द. आतापर्यंत तो भाचेशेठने सांगितलेल्या नियमांवर खेळत होता. “समोरच्याकडनं नियम शिकू ने,” तो म्हणाला. “खोटं सांगत न्हाय तो. पन खेळणारा मानूस इचारल्याबिगर सांगत न्हाय.” मी टेलिग्रामच्या मजकुरासारखी छोटी वाक्यं करून चार दिवसांत वही भरली. जॉबर ती शिफ्ट सुटल्यावर माझ्याकडून वाचून घ्यायचा. मी खुर्चीत, तो दार ते खिडकी, खिडकी ते दार.

नियमांत तीन गोष्टी मुख्य होत्या. मेलेले सावकाश चालतात, सरदाराच्या एक फुटाच्या आत असतील तेवढेच धावू शकतात. सरदार दर फेरीला फासे टाकून आपल्या जवळ पडलेल्यांना पुन्हा उठवू शकतो. आणि सरदार पडला की त्याच फेरीपासून फौजेची माती होऊ लागते. पहिल्या दोन गोष्टी जॉबरला अर्ध्याच माहीत होत्या. तिसरी त्याला पहिल्या दिवसापासून पाठ होती.

तरीही तीनपैकी पहिला शुक्रवार तो हरला. सरदार चौथ्या फेरीत पडला.

त्या डावाची मी टिपणं काढली होती. सवयच ती. जुन्या काही डावांचीही होती. रात्र पडायच्या आत सगळी एकत्र लावली तेव्हा एक गोष्ट दिसली आणि दुसऱ्या दिवशी मी ती त्याला वाचून दाखवली. प्रत्येक डावात भाचेशेठ आधी डाव्या टोकाला चार स्वार पाठवून रांग फोडायचा. प्रत्येक डावात जॉबर मधली जागा सोडून सरदाराला त्या टोकाला घेऊन जायचा, पडलेल्यांना उठवायला. आणि प्रत्येक डावात ते स्वार तिथे त्याची वाट बघत असायचे.

जॉबर खिडकीपाशी थांबला.

“बंद पडलेला माग दिसला का मी धावतो,” तो म्हणाला.

“हो.”

“त्याला ते ठाव हाय.”

“त्याला पहिल्याच महिन्यात कळलं असावं.”

“इतका वेळ मला वाटत होतं, माझे फासेच फुटके हायत.”

पुढच्या आठवड्यात त्याने जे केलं त्याची कामतघरमध्ये चर्चा झाली. माग बंद पडला तरी तो जागेवर उभा राहू लागला, दोन्ही हात खिशात घालून. विणकराने हाक मारली की मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे आणि मग जायचं, असं त्याने ठरवलं होतं. आठव्या आकड्याला पाय निघायचे. तरी आठ हे त्याच्यासाठी खूप होतं. विणकरांनी आपसात निष्कर्ष काढला की जॉबरला बरं नाही. एकाने त्याच्यासाठी ताईत आणला. तो हात खिशात घालून उभा असताना दोन विणकरांनी आपापले धागे स्वतःच जोडले आणि माग चालू केले. हे बघून जॉबर खूश झाला नाही. “मंग इतकी वर्सं मी काय करत होतो?” त्याने मला विचारलं.

दुसरा शुक्रवारही गेला. सरदार सातव्या फेरीपर्यंत टिकला, मग जॉबरला राहवलं नाही आणि त्याने त्याला डाव्या टोकाला नेलं.

तिसऱ्या शुक्रवारी तो बसला. एक लोखंडी स्टूल त्याने टेबलाशी ओढून घेतलं, त्यावर बसला आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली. चाल करण्यापुरता हात सोडायचा, परत कड धरायचा. भाचेशेठने भुवया उंचावल्या. नेहमीप्रमाणे त्याचे स्वार डाव्या टोकाला गेले. नेहमीप्रमाणे रांग फुटली. तारेच्या हातांचे सहा शिपाई आडवे झाले. जॉबरचा उजवा गुडघा हलू लागला, इतका की टेबलावरचे फासे वाजत होते. सरदार टेकडीमागे होता, तिथेच राहिला.

“जॉबरभाऊ, डावी बाजू गेली तुमची,” भाचेशेठ म्हणाला.

“दिसतंय मला.”

“उठवणार नाही त्यांना?”

“तुमी तुमचं खेळा.”

पाचवी फेरी संपत असताना वीज आली. ठरल्या वेळेच्या पुष्कळ आधी. शेजारच्या खणात तीन-चार विणकर होते, त्यांनी वेळ न घालवता माग चालू केले. अर्ध्या मिनिटात जॉबरची मान वळली. मला नुसता खडखडाट ऐकू येत होता.

“धोटा उडनार,” तो म्हणाला.

धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा लाकडाचा तुकडा. त्याची टोकं लोखंडी असतात. तो मागातून सुटून उडाला तर समोरच्याचा डोळा जातो, भिवंडीत तशी माणसं गल्लीगल्लीत होती. जॉबर उभा राहिला. एक क्षण त्याने टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“वहीत लिवलंय तसं चालवा. सरदाराला हात लावू नका.”

आणि तो गेला.

उरलेल्या तीन फेऱ्या मी खेळलो. मला फार काही करायचं नव्हतं. सरदार जागेवर उभा. दर फेरीला फासे टाकायचे, टेकडीवर पडलेल्यांपैकी जेवढे उठतील तेवढे उठवायचे. भाचेशेठचे स्वार डाव्या टोकाला सरदाराची वाट बघत राहिले. तो येत नाही हे त्याला कळलं तेव्हा टेकडीपर्यंत परत यायला त्यांना दोन फेऱ्या लागणार होत्या आणि हातात एकच होती.

जॉबर परत आला तो दोन्ही हात ग्रीसने भरलेले. माग वेळेत बंद झाला होता, कुणाला काही लागलं नव्हतं. भाचेशेठ उभा राहिला.

“तुमचा सरदार उभा आहे, जॉबरभाऊ. टेकडी तुमची.”

जॉबरने टेबल नीट बघितलं. एकेक शिपाई मोजल्यासारखा. “मी हितं असतो तर हलवला असता,” तो म्हणाला.

“पण हलवू नका असं सांगून गेलात ना?”

“सांगणं सोपं हाय.”

भाचेशेठने शब्द पाळला. मेलेल्यांची फौज, पट्टी आणि दोन फासे त्याने जुन्या साडीच्या खोक्यात घालून जॉबरच्या हातात दिले. जॉबरने खोका घेतला, पण जिंकल्यासारखा घेतला नाही. जाणाऱ्या माणसाला तो तीनदा म्हणाला, अजून एक डाव खेळू. वेळ नव्हता. त्याला रिक्षापर्यंत सोडायला जॉबर गेला, ती नजरेआड होईपर्यंत रस्त्यात उभा राहिला.

नंतर मी मुंबईच्या कचेरीत गेलो. काही वर्षांनी मालकाने माग भंगारात काढले आणि जागा गोदामाला दिली. जॉबर खारबावला घरी बसला, असं कुणीतरी सांगितलं. ‘बसला’ हा शब्द त्याच्याबाबतीत मला खरा वाटला नाही. एका रविवारी कामावर जायचं नव्हतं, म्हणून आधी निरोप पाठवून मी गेलो. वही मी जपून ठेवली होती, ती बरोबर नेली.

पडवीत पलंगावर तो बसला होता. समोर पाटावर सुताच्या गुंत्याची टेकडी आणि मेलेल्यांची फौज मांडलेली. समोरची फौज विलायतेला गेली होती, तिच्या जागी त्याने सुताच्या रिकाम्या कांड्या उभ्या केल्या होत्या.

“मानसं तुमची,” तो म्हणाला. “डाव्या बाजूनं या. तो यायचा तसे.”

मी तसाच आलो. रांग फुटली. त्याचा हात सरदाराकडे निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि परत मांडीवर गेला. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत तो सरदाराकडे गेला नाही. त्या दिवशी फासे माझ्या बाजूने पडत होते. शेवटच्या फेरीत टेकडीवर कांड्याच उरल्या.

“हरलो,” जॉबर म्हणाला. “पन सरदार उभा हाय. आनी मी उठलो न्हाय. बघितलंत ना?”

“बघितलं.”

“मंग लिवून ठेवा.”

मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. तो उठला नाही. बसल्या जागेवरून हात केला. त्याची बायको मला अंगणाच्या टोकापर्यंत सोडायला आली तेव्हा मी हळूच विचारलं, पायांना काही झालंय का.

“पाय धडधाकट हायत,” ती म्हणाली. “सकाळपासनं दोनदा स्टेशनावर जाऊन आले, तुमी आलात का बघायला. आज काय ते ठरवून बसलेत.”

वळणावरून मी मागे बघितलं. पडवीचा खांब आड येत होता. जॉबरचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाटाची कड आणि त्याचा उजवा गुडघा. तो हलत होता.