मोटरीचं ऐकून घेणाऱ्या मावशी

पेचकसाचं टोक मोटरीवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक समोर बोलतच असे. मावशी डोळे न उघडता म्हणत, "तू गप राय ना बे. तिले बोलू दे."

मेहकरच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींमध्ये त्या नवी तार भरून देत. नवऱ्याकडून शिकलात का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "त्याले मीच शिकवलं. नाहीच जमलं त्याले."

माझं त्यांच्याशी काम पडलं ते बोटीमुळे. आमच्या ऑफिसकडे पुरात माणसं काढायला एक बोट होती. वर्षभर ती गोदामात ताडपत्रीखाली झोपायची आणि पावसाळ्याआधी धरणावर तिची चाचणी व्हायची. त्या वर्षी चावी फिरवली आणि मोटर 'टीऽऽऽ' करून जी ओरडायला लागली, ती थांबेचना. ऑइल कमी पडलं किंवा इंजिन तापलं की वाजायचा इशारा होता तो. चाचणी दुसऱ्या दिवशी, बघायला बुलढाण्याहून मोठे साहेब येणार. कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येतो म्हणाला. आमच्या साहेबांनी तोडगा काढला, "आवाजाची वायर कापून टाका."

वायर कोणती, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मी मावशींकडे गेलो.

"आवाज कवा येते? इंजिन चालल्यावर, का चावी फिरवल्याबरोबर?"

"फिरवल्याबरोबर."

"मंग ते गरम होऊन नाही ओरडत. गरम व्हायच्या आंधी कोनी ओरडते का?"

मला आमचे साहेब आठवले.

त्या माझ्या मोटारसायकलवर मागे पिशवी धरून धरणावर आल्या. बोटीची मोटर त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिली. भोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "आपलीच हाय. फक्त पान्यात उलटी लटकवली." ऑइल पाहिलं, भरलेलं होतं. उष्णता ओळखणाऱ्या बटणाची वायर काढली, तरी आवाज चालूच. "म्हंजे बटन चांगलं हाय. वायरच कुठंतरी लोखंडाले चिकटली."

बोटांनी चाचपत त्या वायरीमागे निघाल्या आणि झाकणाच्या आतून त्यांनी कापसाचा एक गोळा ओढून काढला. उंदरांनी तिथे संसार थाटला होता. वायरीचं कातडं कुरतडलेलं, आणि अंथरुणाला आमच्या ऑफिसचे कागद. मावशींनी एक कागद उलगडून माझ्या हातात दिला. तो माझा रजेचा अर्ज होता. साहेब दोन महिने म्हणत होते की असा अर्ज आलाच नाही!

वायरीवर टेप गुंडाळला आणि धरणावर शांतता पसरली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या मांगून," मावशी म्हणाल्या. "थंड ठेवाले हे पानी ओढते ना? मंग मांगून धार फेकली पाह्यजे. ते पाहत राहा."

मी आणि ऑफिसचा ड्रायव्हर बोटीत बसलो. काठावरून त्यांनी ओरडून विचारलं, "धार पडते काऽऽ?"

"हावऽऽ!" ड्रायव्हर म्हणाला. त्याने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. मीही नाही. वाऱ्याने आमची छाती फुगली होती.

मधोमध गेल्यावर पुन्हा 'टीऽऽऽ'.

"साहेबाचंच खरं होतं," म्हणत ड्रायव्हरने पक्कड उचलली. काठावर मावशी दोन्ही हात हलवत पाण्यात शिरत होत्या. गुडघाभर पाण्यातून त्यांचा आवाज आला, "हात नोको लावू तिले! बंद कर! आता खरं बोलून राह्यली थे!"

त्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं. मी मागे वाकून पाहिलं. पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट चिकटली होती. इंजिनाला पाण्याचा थेंब मिळत नव्हता. वायर कापली असती तर ते तिथेच जळून बसलं असतं, आणि पुराच्या दिवशी आम्ही ताडपत्रीच पांघरून बसलो असतो.

गरम इंजिन लगेच सुरू करायची छाती नव्हती. वल्ही होती, पण दोघांनाही मारता येत नव्हती. बोट जागच्या जागी गिरक्या घेत राहिली. मावशी आधी रागावल्या, मग काठावर बसून पदराने डोळे पुसत हसल्या. "काऊन रे, घरी नाही यायचं का?"

पिशवी काढली, इंजिन निवल्यावर काठाला आलो आणि दुसऱ्या दिवशी चाचणी नीट झाली. त्याच पावसाळ्यात एक वस्ती पाण्याने वेढली आणि आमच्या बोटीने सगळी माणसं बाहेर काढली. गडबड ओसरल्यावर मी हे सांगायला मावशींच्या दुकानी गेलो. शटर बंद. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, झोपेतच गेल्या, आठवडा झाला.

पण खेड्यापाड्यांत कुणाला कळलं होतं? शटरसमोर पाच-सहा जळक्या मोटरी रांगेत ठेवलेल्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधलेली. तेवढ्यात साखरखेर्ड्याच्या बसमधून उतरलेला एक म्हातारा खांद्यावरची मोटर रांगेत ठेवत म्हणाला, "मावशी जेवाले गेल्या काय?"

तुम्ही काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. मी "हाव" म्हणालो.

तो मोटरीशेजारी वाट बघत बसला. मग मीही बसलो.