गुंडाप्पाची हरणं

गुंडाप्पाबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल खरं लिहावं लागतं, आणि तिथंच इतके दिवस माझं घोडं अडलंय. मी नगरपालिकेत बाग खात्याचा कारकून होतो. उमरग्याच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून आमचं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही. लाज माझी एकट्याची आहे, गावाला कशाला त्यात ओढू?

पालिकेच्या बागेत प्राणिसंग्रहालय होतं. चाळीस वर्षांपूर्वी एक सर्कस इथंच मोडली आणि मालक अस्वल सोडून पसार झाला. नगराध्यक्षांनी अस्वलाला पिंजरा बांधला, फीत कापली आणि झालं आमचं प्राणिसंग्रहालय. मग मोर आले, माकडं आली, एक मगर आली, चितळांची जोडी आली. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं पिशव्या काखोटीला मारून अस्वल बघायला यायची. सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांनाही आम्ही आधी अस्वल दाखवायचो, मग मुलगी.

पुढं अस्वल म्हातारं होऊन मेलं. मगर वनखात्यानं नेली. माकडांच्या पिंजऱ्याचं दार गंजून गळालं आणि माकडं गावभर झाली. राहिली हरणं, आणि ती राहिली गुंडाप्पामुळं.

गुंडाप्पा धनगराचा. बापाची मेंढरं रोगानं गेली तेव्हा विशीतला हा गडी बागेत रोजंदारीवर लागला आणि चोवीस वर्षं रोजंदारीवरच राहिला. त्याला कायम करायचा विषय दर निवडणुकीला निघायचा आणि मतदान झालं की गुपचूप झोपायचा. पण हरणांना हे कुठं ठाऊक? तो आत शिरून जिभेनं टकटक करायचा की ती सगळी त्याच्याभोवती गोळा. ठेकेदाराचा चारा आला नाही की त्याची बायको गजराबाई सुबाभळीचा पाला डोक्यावर घेऊन यायची. आई मेलेलं एक पाडस त्यानं घरी नेऊन शेळीच्या दुधावर जगवलं. त्याची लेक वर्षाराणी त्याला कुशीत घेऊन निजायची. मी हे सगळं बघत होतो आणि रजिस्टरात मागच्या वर्षीचा आकडा उतरवत होतो. हरणं अठरा झाली तरी माझ्या रजिस्टरात ती दहाच होती.

मग वरून पत्र आलं. तपासणीला पथक येणार, प्रत्येक प्राण्याची वेगळी नोंद हवी, ओळख हवी. माझी तंतरली. गुंडाप्पाला म्हणालो, "काही पण कर, पण कुठलं हरीण कुठलं ते मला कळलं पाहिजे."

तो म्हणाला, "सायब, आमी मेंढराला करताव तसं करू का? कानाला खूण?"

धनगरांत घराघराची खूण ठरलेली असते. कुणाचा एक काप, कुणाचे दोन, कुणाचा कानाच्या टोकाला, कुणाचा बुडाशी. कळपात कळप मिसळले तरी मेंढरू कान दाखवून आपलं घर सांगतं. मला ते लई सोयीचं वाटलं. "कर," मी म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, दोन सकाळी त्याच्यासोबत आत जाऊन हरणांच्या माना मी धरल्या. त्यानं हलक्या हातानं काप दिले, वर हळद दाबली. मोठा नर तेवढा सोडला. मी ऐटीत लिहिलं : मादी, उजवा कान, एक काप.

पथक आलं. त्यात जनावरांच्या डॉक्टर बाई होत्या. हरणांचे कान बघून त्यांचा चेहराच बदलला. "हे कुणी केलं? वन्य प्राणी आहेत हे. गुन्हा आहे. संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा पाहिजे."

माझ्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. मी लिहिलं, 'सदर कृत्य रोजंदारी कामगार गुंडाप्पा याने कोणालाही न विचारता परस्पर केले आहे.' मग सहीला त्यालाच बोलावलं. सही त्याला लेकीनं शिकवली होती, वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय, सायब?"

"तू हरणं जीव लावून सांभाळलीस, असं लिहिलंय."

त्यानं एकेक अक्षर कोरत सही केली, पेन परत दिलं आणि मला हात जोडले. मी ते जोडलेले हात बघितले, आणि तरी कागद पाकिटात घातला.

आमची मान्यता गेली. हरणं दुसऱ्या जिल्ह्यातल्या नव्या, मोठ्या प्राणिसंग्रहालयात जाणार असं ठरलं. तिथं गज नाहीत, मोकळं रान आहे, झाडी आहे. हरणांना ओळखणारा राखणदारही सोबत घेणार होते, आणि तोही कायम नोकरीवर. गुंडाप्पानं त्यासाठी सदऱ्याला इस्त्री करून आणली होती. त्या कागदापायी त्याचं नाव कापलं गेलं आणि पालिकेनं त्याला रोजंदारीवरूनही काढलं.

हरणं न्यायच्या दिवसापर्यंत मी निवृत्त झालो होतो, तरी माहितगार म्हणून मला बोलावलं. ट्रकपर्यंत दोन्ही बाजूंनी हिरवं कापड बांधून वाट केली होती. हरणं तिच्याकडं फिरकेनात. एक मादी बिथरून जाळीवर आदळली आणि धापा टाकत पडून राहिली. त्याच डॉक्टर बाई आल्या होत्या. त्या ओरडल्या, "रोज खायला घालणारा माणूस आणा, नाहीतर मरतील ही!"

मी स्कूटरवर गेलो. गुंडाप्पा शिवारात दुसऱ्याची मेंढरं राखत होता. हरणांचं नाव काढताच तो मागं बसला. बागेत आल्यावर रिकामी बादली हातात घेऊन टकटक करत ट्रककडं चालू लागला. पडलेली मादीसुद्धा उठली. सगळी त्याच्या मागं चढली आणि तो पुढच्या छोट्या दारानं एकटा बाहेर आला.

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. "कान कापणारे ते तुम्हीच ना?"

"व्हय, बाईसाहेब. चूक झाली माजी," गुंडाप्पा म्हणाला. "ह्या सायबांनी माज्या बाजूनं लई चांगलं लिवलं व्हतं. पर माजंच नशीब न्हाय."

तो कागद बाईंनी वाचलेला होता. त्या माझ्याकडं वळल्या. "खरं का?"

आता मला कशाचं भय होतं? नोकरी संपली होती, साहेब कुणी उरला नव्हता. एक वाक्य बोललो असतो तर गुंडाप्पा त्याच ट्रकमध्ये बसला असता. मी मान डोलावली.

बाईंनी तोंड फिरवलं. ट्रक निघाला. गुंडाप्पा म्हणाला, "सायब, उनात लई दमलाव तुमी. चला घरी, च्या घेऊन जावा."

मी गेलो. गजराबाईनं पुढं केलेला चहा प्यालोसुद्धा.