पाटीवाल्यांचा कॉम्प्युटर

बटण दाबलं की आतला पंखा जेमतेम अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. स्क्रीन काळीच राहते. वहिनींनी सकाळपासून बरेचदा दाबून पाहिलं. मग दिराने दाबलं, जरा जोरात, जणू काही आतापर्यंत जोराचीच कसर राहिली होती.

दुकान पाट्यांचं आहे. दारावरची नावं, ऑफिसातले हुद्दे, 'ढकला', 'ओढा', 'शांतता राखा'. दोघा भावांनी मिळून ते काढलं. धाकटा ऑर्डरी आणतो आणि तयार पाट्या जागेवर जाऊन ठोकतो. थोरला कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायचा आणि शेजारच्या मशीनवर ती ॲक्रिलिकच्या तुकड्यात कोरायचा. कोरलेल्या खाचांत सिरिंजने रंग भरायचा आणि सांडलेला रंग थिनरच्या फडक्याने पुसायचा, हे काम थोरल्याच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं. वीस वर्षांत या वाटणीवरून कधी वाद झाला नाही.

थोरला दोन आठवड्यांपूर्वी गेला. दुपारी, याच कॉम्प्युटरसमोर, खुर्चीत बसल्या बसल्या. तेव्हापासून दुकान बंद होतं. आज उघडलं, आणि कॉम्प्युटर उठेना.

नवा आणावा तर कोरायच्या मशीनची जाड, दातेरी पिनांची केबल नव्या कॉम्प्युटरला लागत नाही. मशीन चालवणारा प्रोग्राम ज्यांनी दिला होता, त्या कंपनीचा फोन कुणी उचलत नाही. म्हणजे हा डबा चालला तर दुकान चालणार. नाही चालला तर जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायची. त्याचा माणूस संध्याकाळी उत्तर घ्यायला येणार आहे. दिराने हे घरीच सांगितलं होतं. वहिनी तेव्हा "बघा" म्हणाल्या होत्या. घरी बसून दोन हातांचं काय करायचं हे त्यांना समजत नाही, हे त्या बोलल्या नाहीत. सकाळी दिराच्या आधी येऊन त्या शटरसमोर उभ्या होत्या, एवढंच.

दुरुस्तीवाला अकराच्या सुमारास आला. बाजारात त्याला सगळे फुंकर म्हणतात, कारण कुठलंही यंत्र उघडलं की तो आधी त्यात फुंकर मारतो. त्याने मारली. धूळ उडून दिराच्या चहात पडली.

"झालं, चहा दुरुस्त झाला," दीर म्हणाला. "आता कॉम्प्युटरचं बघा."

फुंकरने आधी प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये घातला, मग केबल बदलली. फरक पडला नाही. पिशवीतून दुसरा पॉवर सप्लाय काढून जोडला. पंखा तेवढाच हलला आणि थांबला. मेमरीची पट्टी काढून त्याने तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि ती परत बसवली. काही नाही. मग टॉर्च लावून तो मदरबोर्डकडे बराच वेळ पाहत राहिला.

"हे बघा. प्रोसेसरच्या बाजूचे हे बारके डबे, कपॅसिटर. टोपी सपाट पाहिजे. हे फुगलेत. जुने झाले की थंड असताना काम करत नाहीत. गरम असले, चालू असले, तर वर्षानुवर्षं चालतील. थोडा वेळ वीज गेली तर चालतं, पण बंद करून पार गार होऊ दिले की मग विसरा." तो सरळ झाला. "दादा हा बंद करायचे कधी?"

दिराने वहिनींकडे पाहिलं. दुकान बंद करून शेवटी निघायचं काम नेहमी थोरल्याचं होतं. हे दोघं आधी निघायचे.

"माहीत नाही," वहिनी म्हणाल्या.

"नसणार करत. तुमच्याकडे पाटीच आहे की तशी."

"कुठे?"

फुंकरने टॉर्च भिंतीवर मारला. मेन स्विचच्या आसपास नमुन्याच्या पाट्या दाटीवाटीने लावलेल्या आहेत, गिऱ्हाइकाला अक्षराचं वळण दाखवायला. 'हात लावू नये.' 'आत येऊ नये.' 'येथे गाडी लावू नये.' आणि स्विचच्या अगदी डोक्यावर, पांढऱ्यावर लाल: 'बंद करू नये.'

"आयला," दीर म्हणाला.

"कमाल आहे तुमची. सगळ्या गावाला सूचना देता आणि घरची पाटी वाचत नाही?"

"इथे कोण वाचतंय पाट्या," दीर म्हणाला. "इथे 'शांतता राखा'च्या खाली उभं राहून आम्ही भांडतो."

वहिनी पाटीजवळ गेल्या. 'बं'च्या टिंबाशी लालसर डाग होता. त्यांनी तो ओळखला. रंग सांडला होता, पुसायला उशीर झाला होता. दुसरी कोरायला लागेल, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "राहू दे," तो म्हणाला होता, "ही गिऱ्हाइकाची नाही." बिघडलेल्या पाट्या नमुन्यातच जातात. ही त्याने भिंतीवर लावली तेव्हा त्यांना तेच वाटलं, आणि त्या पुढच्या पाटीला लागल्या.

"रंग मीच भरलाय," त्या म्हणाल्या.

"मग मेन कुणी पाडला?" फुंकरने विचारलं. विचारल्यावर त्यालाच वाटलं, विचारायला नको होतं.

"मीच."

त्या दुपारी रिक्षा आली, दिराने आणि शेजारच्या शिंप्याने मिळून थोरल्याला उचललं. वहिनींनी मागे राहून मेन स्विच खाली केला, शटर ओढलं आणि मग त्या रिक्षात बसल्या. घरून बाहेर पडताना मेन बंद करायची त्यांची सवय आहे. त्यावरून घरात सगळे त्यांची थट्टा करतात. त्या दुपारचं त्यांना तेवढंच स्पष्ट आठवतं: स्विचचा आवाज.

"वहिनी, सोडा आता ते," दीर म्हणाला.

"मी कुठे धरलंय?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजचाच होता. "याला गरम करायचं ना?"

"हो, पण हेअर ड्रायर लागेल. माझ्याकडे—"

वहिनींनी टेबलाखालून हीट गन काढली. ॲक्रिलिक वाकवायला ती लागते.

"ताई, त्याने बोर्ड वितळेल!"

"लांबून धरते. तुम्ही कुठे गरम करायचं ते दाखवा."

फुंकर बोटाने दाखवत राहिला, वहिनी गन गोल फिरवत राहिल्या. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दाबा." दिराने बटण दाबलं. या वेळी हळू.

पंखा फिरला. थांबेल म्हणून तिघं वाट पाहत होते. थांबला नाही. स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली आणि वर भलत्याच वर्षाची तारीख.

"तारीख लक्षात ठेवणारा आतला सेल मेलाय. तो मागाहून," फुंकर म्हणाला. "आज काय तारीख?"

दिराला सांगता येईना. वहिनींनी सांगितली.

मशीन जोडलं. अर्धवट राहिलेली ऑर्डर एका शाळेची होती: 'पाय पुसून आत या.' कोरणारी सुई खाली आली आणि ॲक्रिलिकचा पांढरा भुगा उडू लागला. फुंकरने सामान गोळा केलं.

"हे काही कायमचं नाही. तसाच दुसरा जुना बोर्ड मिळतो का, मी शोधतो. तोवर बंद करू नका. केलात तर पुन्हा उठेल असं मी सांगत नाही."

संध्याकाळी मोबाइलवाल्याचा माणूस आला. दीर त्याच्याशी दारातच बोलला. आत येऊन म्हणाला, "सांगितलं त्याला. दुसरी जागा बघ म्हणून. वहिनी, ती पाटी जरा मोठी करू या का? नीट दिसेल अशी."

"मोठी केली तरी वाचणार नाही आपण."

वहिनींनी भंगारातून ॲक्रिलिकचा एक जाड तुकडा शोधला, गनने गरम करून तीन बाजूंनी वाकवला, स्विचवर टोपणासारखा बसवला आणि चार स्क्रू मारले. त्यावर काहीही लिहिलं नाही. ओढून पाहिला. हलला नाही.

दीर शटरपाशी उभा होता.

"चला, निघू या."

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी म्हणाल्या. "ही शाळेची एवढी भरून पुसते आणि निघते. किल्ली ठेवून जा."

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. वहिनींनी सिरिंजमध्ये रंग भरला.